घरी सौरबंब बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सौरबंबाबद्दल, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘सोलर’बद्दल, येणारे प्रश्न दोन प्रकारचे असतात. बसवण्याआधीचे बहुतेक “कुठला घेऊ?” असे, आणि बसवल्यानंतरचे बहुतेक “गरम पाणी गेलं कुठे?” असे. दुसऱ्या प्रकारच्या तक्रारींचं मूळ काचेच्या नळ्यांत क्वचितच सापडतं. ते पाइपात, टाकीच्या उंचीत नाहीतर बाथरूमच्या मिक्सरमध्ये दडलेलं असतं. म्हणून खाली त्या भागावर जास्त लिहिलं आहे, आणि नळ्यांच्या रंगाविषयी, कंपन्यांच्या दाव्यांविषयी जवळपास काहीच नाही.

१. सौरबंब आणि विजेचे सोलर पॅनल ही एकच गोष्ट का?

नाही. विजेचं पॅनल उन्हाची वीज करतं आणि अंगावर पडलेल्या उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा उपयोगात आणतं. सौरबंब उन्हाने थेट पाणी तापवतो. मधे वीज नाही, त्यामुळे तेवढ्याच जागेत तो कितीतरी जास्त उष्णता पकडतो. पण त्याचं काम गरम पाण्यापुरतंच. त्यावर पंखा चालणार नाही.

२. पंप नाही, मग पाणी फिरतं कसं?

तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, टाकीच्या तळाचं गार पाणी जड म्हणून खाली नळीत उतरतं. ऊन आहे तोवर हे चक्र आपोआप चालतं. म्हणूनच टाकी नेहमी नळ्यांच्या किंवा काचेच्या पेटीच्या वर असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या निम्म्या उत्तरांचा आधार हाच आहे: गरम पाण्याला वर जायची वाट दिसली की ते जातं, ती वाट तुम्ही मुद्दाम ठेवलेली असो वा चुकून राहिलेली.

३. ईटीसी घ्यावा की एफपीसी?

ईटीसी म्हणजे काचेच्या नळ्यांचा. प्रत्येक नळी दुहेरी काचेची, दोन काचांमध्ये निर्वात पोकळी, आतल्या काचेवर ऊन शोषणारा गडद लेप. थर्मासची बाटली उलटी वापरली आहे असं समजा. एफपीसी म्हणजे चपटी पेटी: वर कडक काच, आत काळ्या पत्र्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्या.

ईटीसी गार हवेत आणि वाऱ्यात चांगला टिकाव धरतो, कारण निर्वात पोकळीतून उष्णता बाहेर पडत नाही. आत बसलेला क्षारही नळी काढून धुता येतो. त्याचं दुखणं म्हणजे काच. एफपीसी दणकट असतो, पण त्याच्या तांब्याच्या बारीक नळ्या क्षाराने बुजल्या की साफ करणं जिकिरीचं, आणि पाणी गोठेल इतकी थंडी पडत असेल तर त्या फुटू शकतात.

थोडक्यात माझा कल: पाणी जड, म्हणजे क्षाराचं, असेल किंवा हिवाळा कडक असेल तर ईटीसी, पाणी गोडं आणि गच्चीवर मुलांचा चेंडू रोज उडत असेल तर एफपीसी. ईटीसीतच हीट पाइपचा एक प्रकार आहे. त्यात नळीत पाणी नसतं, तांब्याची बंद कांडी उष्णता टाकीत पोचवते. नळी फुटली तरी पाणी गळत नाही (प्रश्न १५ वाचल्यावर याचं मोल कळेल), मात्र यंत्र महाग पडतं.

४. आमच्या घराला किती लिटरचा पुरेल?

माणसं मोजण्याआधी आंघोळ मोजा. टाकीत ६० अंशांचं पाणी आणि नळाला २५ अंशांचं गार पाणी असेल, तर ४० अंशांच्या २० लिटरच्या बादलीत गरम पाणी लागतं सुमारे साडेआठ लिटर. बाकी गार. म्हणजे १०० लिटर टाकीतून अंघोळीजोगं २३० लिटर पाणी निघतं. गार पाणी १५ अंशांवर आलं की त्याच बादलीला ११ लिटर गरम लागतं, म्हणून हिशेब नेहमी हिवाळ्याचा धरावा.

बादलीने अंघोळ करणाऱ्या चौघांना १०० लिटर कसंबसं, १५० लिटर आरामात पुरतं. शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहणारी मंडळी असतील तर हा हिशेब कोलमडतो. अशा घरात २०० लिटरच्या खाली जाऊ नये. पाइपात वाया जाणारं पाणी यात धरलेलं नाही, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

उगाच मोठा घेण्यातही तोटा असतो. न वापरलेलं पाणी रोज आणखी तापत जातं, आणि खूप तापलेल्या पाण्यातून क्षारही जास्त सुटतो.

५. तोंड कुठल्या दिशेला आणि कल किती?

उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. पंधरा-वीस अंश इकडेतिकडे झालं तर फारसं बिघडत नाही. कल ठरवताना आपल्या अक्षांशात १० ते १५ अंश मिळवा. उन्हाळ्यात ऊन उतू जातं, गरज हिवाळ्यात असते, आणि तेव्हा सूर्य खाली असतो.

दिशेपेक्षा सावलीने जास्त यंत्रं वाया गेलेली पाहिली आहेत. मे महिन्यात जागा पाहून यंत्र बसवलं आणि डिसेंबरात शेजारची भिंत आडवी आली, ही नेहमीची कथा. २० अंश उत्तर अक्षांशावर २१-२२ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेसेहेचाळीस अंशच वर येतो. ३ मीटर उंच भिंतीची सावली तेव्हा जवळजवळ ३ मीटर पडते, आणि सकाळी ९ ला साडेपाच मीटरपर्यंत लांबते. तुमचा अक्षांश याहून जास्त असेल तर सावली आणखी लांब. सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत नळ्यांवर काही पडत नाही ना, एवढं हिवाळ्याच्या हिशेबाने पाहावं.

६. छताला वजन झेपेल का?

२०० लिटरच्या ईटीसीत टाकीचं २०० किलो पाणी, शिवाय वीस नळ्यांतलं पन्नासेक किलो, वर टाकी आणि स्टँड. सगळं मिळून ३०० किलोच्या पुढे जातं. सिमेंटच्या धड स्लॅबला हे फार नाही, पण भार चार पायांवर एकवटतो. म्हणून पाय तुळईच्या किंवा भिंतीच्या रेषेवर घ्यावेत. पत्र्याचं किंवा कौलारू छप्पर असेल तर आधी स्थापत्य अभियंत्याला दाखवा.

स्टँड स्लॅबला भोकं पाडून बोल्ट करू देऊ नका. वॉटरप्रूफिंग तिथेच फुटतं आणि ओल वर्षभराने खालच्या खोलीत दिसते. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय बसवणं चांगलं. यंत्र पाण्याने भरलेलं असताना वाऱ्याने हलत नाही, रिकामं असताना हलतं.

७. गार पाण्याची टाकी सोलरपेक्षा किती उंच हवी?

गार टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा. थोडाच वर असला तरी चालतो, पण वर हवाच. तळ त्याहून खाली असेल तर गच्चीवरचं पाणी निम्मं झाल्यावर सोलर भरणं थांबतं, नळाची धार बारीक होते आणि शेवटी बंद पडते. “सकाळी सात वाजता गरम पाणी थांबतं, आठला परत येतं” या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. मधल्या वेळात कुणीतरी मोटर चालू केलेली असते.

दुसरं टोक व्हेंट पाइपचं. सोलरच्या टाकीच्या माथ्यावरून एक उघडी नळी वर जाते. तापताना सुटणारी हवा आणि वाफ तिथून बाहेर पडते, पाणी काढताना हवा आत येते. तिचं तोंड गार टाकीतल्या सर्वांत वरच्या पाणीपातळीपेक्षा उंच हवं. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येऊ पाहतं, त्यामुळे नळी आखूड राहिली की टाकी पूर्ण भरताच तिच्यातून कारंजं सुरू होतं. यावर कुणी नळीला बूच मारलं तर पुढे काय होतं ते प्रश्न १८ मध्ये आहे.

गार टाकी इमारतीच्या खूप वरच्या भागात असेल तर साध्या सोलरच्या टाकीवर नको इतका दाब येतो. अशा वेळी सोलरजवळ बॉल-कॉक लावलेली एक छोटी टाकी ठेवून त्यातून पाणी द्यावं.

८. घरात प्रेशर पंप आहे. साधा सोलर चालेल?

पंपाचं पाणी सरळ साध्या टाकीत सोडू नका. ती दाब सहन करायला बनवलेलीच नसते. एकतर दाबाची टाकी घ्या, जिच्यावर दाब वाढल्यास उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. नाहीतर साधा सोलर ठेवून त्यातून बाहेर पडणाऱ्या गरम लाइनीवर, गरम पाण्याला चालणारा दुसरा पंप लावा. फक्त गार लाइनीला पंप आणि गरम लाइन नुसत्या उंचीवर, ही जोडी सर्वांत वाईट. कारण प्रश्न १३ मध्ये.

९. पाइप कुठला घ्यावा? नळाला गरम पाणी यायला इतका वेळ का लागतो?

साधा पांढरा यूपीव्हीसी गरम लाइनीला नको, तो मऊ पडून वाकतो. सीपीव्हीसी, पीपीआर किंवा कम्पोझिट पाइप घ्यावा. सोलरच्या टाकीतून निघणारा पहिला मीटरभर पाइप धातूचा ठेवला तर उत्तम. उन्हाळ्यात तिथलं पाणी उकळीला टेकतं, आणि प्लॅस्टिकच्या पाइपावर किती तापमान चालेल ते छापलेलं असतं, ते वाचा.

आता वेळेचं. पाऊण इंची सीपीव्हीसीच्या एका मीटरमध्ये साधारण पाव लिटर पाणी मावतं. सोलर ते बाथरूम १५ मीटर अंतर असेल तर दर सकाळी ४ लिटर गार पाणी आधी बाहेर येणार. तेवढ्याच अंतराच्या अर्धा इंची पाइपात ते दोन लिटरांहूनही कमी असतं, पण नुसत्या उंचीच्या दाबावर अर्धा इंचाची धार रडत येते. यात मधला मार्ग असा: खाली उतरणारी मुख्य लाइन पाऊण इंच, प्रत्येक नळाकडे जाणारा फाटा अर्धा इंच. आणि मुळात बाथरूमच्या जवळात जवळ सोलर बसवा. गच्चीचा कोपरा शोभेसाठी निवडलात तर ती शोभा रोज सकाळी बादलीत मोजून मिळते. ते पहिलं गार पाणी फेकू नका, दुसऱ्या बादलीत धरा.

पाइपावर काळ्या फोमचं आवरण चढवाच. मात्र उघड्यावर उन्हाने तो फोम काही वर्षांत भुगा होतो, म्हणून वरून ॲल्युमिनियमची पट्टी किंवा पत्रा हवा. भिंतीत पाइप गाडणार असाल तर आवरणासाठी खाच थोडी मोठी घ्यायला गवंड्याला आधीच सांगा. प्लॅस्टर झाल्यावर ही आठवण होऊन उपयोग नाही.

१०. बोअरचं पाणी आहे. क्षार जमेल ना?

जमेल. पाणी ६० अंशांच्या वर गेलं की चुन्याचे क्षार झपाट्याने सुटून नळ्यांच्या तळाशी, टाकीत आणि विजेच्या बॅकअप कॉइलवर (प्रश्न ११) बसतात. गोड्या पाण्याची जोडणी असेल तर सोलरला तीच द्या. नसेल तर ईटीसी घ्या, वर्षातून एकदा टाकी रिकामी करून धुवा, नळ्या काढून आतून साफ करा. पाणी फारच जड असेल तर सॉफ्टनर, किंवा हीट एक्स्चेंजरचं यंत्र, ज्यात नळ्यांतलं पाणी तेच राहतं आणि नळाचं पाणी वेगळ्या वाटेने तापतं.

टाकीचं पोलादही पाहा. पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर ३०४ स्टेनलेस स्टीलला जोडाजवळ भोकं पडू शकतात, ३१६ एल त्याहून टिकतं. आतून काचेचा मुलामा असलेल्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते. ती टाकीऐवजी स्वतः झिजते. झिजून संपली की बदलायची असते, हे बसवणारा बहुधा सांगत नाही.

११. ढगाळ दिवसांत काय?

हलक्या ढगांत पाणी कोमट मिळतं, सलग दाट ढगांत नाही. त्यासाठी टाकीत विजेची कॉइल बसवता येते. पण २०० लिटर पाणी ३० वरून ५० अंशांवर न्यायला साडेचार युनिटांहून जास्त वीज लागते आणि २ किलोवॉटच्या कॉइलला सव्वादोन तासांहून अधिक वेळ. दोघांच्या अंघोळीसाठी अख्खी टाकी तापवणं पटत नाही. मी बाथरूममधला जुना गीझर काढू नका असंच सांगतो. फक्त सोलरचं पाणी त्याच गीझरमधून न्यायचं असेल तर त्याला गरम पाणी आत आलेलं चालतं का, ते त्याच्या पुस्तिकेत पाहून घ्या.

कॉइल लावलीच तर अर्थिंग आणि गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर दोन्ही हवेत. टाकी भरलेली असल्याची खात्री केल्याशिवाय बटण दाबू नये.

१२. बसवून झालं, दुपारीच पाणी सोडलं तर?

रिकामी नळी उन्हात २०० अंशांच्या वर तापते. त्यात गार पाणी गेलं की काच तडकते. पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर भरा. बसवणाऱ्याला घाई असेल तर नळ्या झाकायला लावा. दुरुस्तीसाठी टाकी रिकामी केली तरी नियम हाच.

१३. टाकीत पाणी कडकडीत आहे, पण नळाला कोमटच येतं. का?

गार पाणी गरम लाइनीत घुसतंय. सोलरच्या घरात सर्वांत जास्त छळणारा आणि सर्वांत उशिरा सापडणारा दोष हाच.

असं होतं कसं? मिक्सरला गरम आणि गार अशा दोन्ही लाइनी जोडलेल्या असतात. हँड शॉवरची चावी पुढे बंद आणि मिक्सर मागे दोन्ही बाजूंनी उघडा राहिला, तर त्या मिक्सरच्या पोटात दोन्ही लाइनी एकमेकींना मिळतात. ज्या लाइनीला दाब जास्त ती दुसरीत शिरते. गार लाइनीला पंप असेल तर ती हमखास जिंकते. खालच्या मजल्यावरचा एक विसरलेला मिक्सर वरच्या मजल्याचं गरम पाणी बिघडवतो, आणि दोष मात्र सोलरच्या नावावर जातो.

तपासायची सोपी युक्ती: सोलरच्या टाकीतून गरम पाणी बाहेर पडतं तिथला व्हॉल्व्ह बंद करा आणि घरातला फक्त गरम नळ उघडा. पाइपातलं राहिलेलं पाणी संपलं की धार थांबायला हवी. थांबली नाही, तर ते पाणी गार लाइनीतून येतंय. मग एकेक मिक्सर नीट बंद करत जा. ज्याला हात लावल्यावर धार थांबेल तो चोर.

कायमचा उपाय म्हणजे दोन्ही लाइनींना सारखा दाब, आणि मिक्सरच्या दोन्ही तोंडांवर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेला सोडणारा व्हॉल्व्ह. नुसत्या उंचीच्या दाबावर चालणाऱ्या लाइनीत स्प्रिंगचा एनआरव्ही लावू नका. तेवढ्या दाबाने तो धड उघडत नाही आणि धार आणखी बारीक होते. हलकी झडप असलेला घ्या.

१४. संध्याकाळी पाणी गरम असतं, सकाळी गार. टाकी खराब निघाली?

आधी संध्याकाळी किती पाणी वापरता ते पाहा. जेवढं गरम काढलं तेवढं गार आत येतं आणि रात्री ते तापवायला ऊन नसतं. संध्याकाळी धुणीभांडी गरम पाण्याने होत असतील तर टाकीत दोष नाही, हिशेबात आहे (प्रश्न ४).

तसं नसेल तर रात्री दहाला गच्चीवर जाऊन सोलरमध्ये येणाऱ्या गार पाण्याच्या पाइपाला हात लावा. तो टाकीपासून बराच वरपर्यंत गरम लागला तर गरम पाणी त्या वाटेने गार टाकीकडे चढतंय. तिथे एनआरव्ही लावा, शिवाय पाइप टाकीत शिरण्याआधी खाली उतरून मग वर येईल असा वळवा. एफपीसी असेल तर टाकीचा तळ पेटीच्या माथ्यापेक्षा साधारण ३० सेंटिमीटर वर आहे का तेही मोजा. कमी असेल तर रात्री चक्र उलटं फिरून पेटीच टाकी गार करते.

ईटीसीत एक खूण डोळ्यांनीच दिसते. नळीच्या खालच्या टोकाला आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो पांढरा पडला असेल तर त्या नळीत हवा शिरली आहे. ती बदला.

१५. एक नळी फुटली तर बाकीच्यांवर काम चालतं ना?

पाण्याने भरलेल्या नळ्यांच्या ईटीसीत नाही. नळ्या टाकीच्या खाली असल्यामुळे फुटक्या नळीतून सगळी टाकी रिकामी होते. त्यावर आणखी भर म्हणजे गार टाकीतून पाणी सोलरमध्ये येतच राहतं आणि तेही वाहून जातं. घरात कुणी नसताना हे घडलं तर संध्याकाळी एक थेंब उरत नाही. आधी गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, नळ्या झाका. नळी बदलताना तिची रबरी रिंगही बदला आणि भरताना प्रश्न १२ विसरू नका.

१६. महिनाभर बाहेरगावी जाणार आहोत. टाकी रिकामी करावी का?

नाही. रिकाम्या नळ्या आणि सुकलेल्या रिंगा जास्त धोक्याच्या. टाकी भरलेली ठेवा, गार पाणी चालू ठेवा आणि नळ्यांवर जाड कापड किंवा ताडपत्री घट्ट बांधा. परत आल्यावर पहिलं पाणी अंगावर घेऊ नका. कोमट राहिलेल्या साचल्या पाण्यात लीजनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात आणि शॉवरच्या तुषारांतून ते श्वासावाटे आत जातात. टाकी ६० अंशांच्या वर तापू द्या, मग प्रत्येक नळ थोडा वेळ सोडून द्या.

कापड बांधलं नसेल तर उलट काळजी: पाणी पोळवणारं असेल. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाला पाचेक सेकंदांत भाजतं, लहान मुलांना त्याआधीच. बादलीत गार पाणी आधी, गरम नंतर.

१७. सोलरचं पाणी पिता येईल का? आणि सडक्या अंड्यासारखा वास का येतो?

पिऊ नये. टाकीत आणि पाइपात ते तासन्‌तास तापत पडलेलं असतं. वास बहुधा साचलेल्या पाण्यात सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचा असतो. मॅग्नेशियमची कांडी त्यांच्या पथ्यावर पडते. टाकी धुवून एकदा कडक तापू द्या. वास पुन्हा आला तर दुसऱ्या धातूची कांडी लावून पाहा.

१८. सोलरची टाकी एका बाजूने आत चेपली. कुणी धक्काही दिला नाही. हे कसं?

व्हेंट पाइप बंद झाला. नळीतून पाणी उडतं म्हणून कुणी बूच मारलं असेल, गांधीलमाशांनी मातीचं घर केलं असेल, किंवा कडक थंडीत तोंडाशी बर्फ धरला असेल. खाली कुणी गरम नळ उघडला, पाणी उतरू लागलं, त्याची जागा घ्यायला हवा आत येईना आणि गार पाणीही पुरेसं येईना. बाहेरच्या हवेच्या दाबाने पातळ पत्रा आत बसला. वाफ कोंडून टाकी फुगल्याचीही उदाहरणं असतात, कारण तेच.

चेपलेली टाकी ठोकून सरळ करू नका. आतले जोड आणि नळ्यांच्या रिंगांची भोकं वाकडी झालेली असतात, ती गळतच राहतात. नवी बसवताना व्हेंटचं तोंड खाली वळवा, त्यावर जाळी लावा, आणि गार टाकी धुवायला वर जाल तेव्हा नळीवर टिचकी मारून आत माती नाही ना ते बघा.